महाविद्यालय विकास समितीत प्रथम वर्षाच्या गळतीचा विषय कसा मांडावा?

प्रश्न – वाणिज्य_शिक्षिका, ठाणे पश्चिम

नमस्कार. मी ठाण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवते आणि यंदा पूर्णवेळ शिक्षकांमधून महाविद्यालय विकास समितीवर निवडून आले आहे. समितीची पुढची बैठक दिवाळीच्या सुट्टीपूर्वी होणार असून तिच्यात प्रथम वर्षातील गळतीचा विषय घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. तो कोणत्या रीतीने मांडला तर त्यातून काही निष्पन्न होईल, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

आमच्याकडे हा विषय निघतच नाही, असे नाही. दरवर्षी शिक्षकांच्या बैठकीत कोणी ना कोणी तो काढतो, मुले नोकरीला लागतात त्याला आपण काय करणार, असे दुसरे कोणी म्हणते आणि बैठक परीक्षेच्या कामाकडे वळते. मार्गदर्शक शिक्षकांची योजना कागदोपत्री चोख आहे. प्रत्येकाला विद्यार्थ्यांची यादी मिळते, भेटींची नोंदवही भरली जाते आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, दुसऱ्या निकषासाठी ती फाइलला लागते. परंतु विद्यार्थी यायचा थांबला की त्या नोंदवहीतून पुढे काहीच घडत नाही, कारण मार्गदर्शक शिक्षकाला वेळापत्रकात बदल करता येत नाही, शुल्काचा हप्ता पाडून देता येत नाही आणि शिष्यवृत्तीचा अडलेला अर्जही पुढे सरकवता येत नाही.

एक उदाहरण देते. माझ्या वर्गात दिव्याहून येणारी एक विद्यार्थिनी ऑगस्टअखेर येईनाशी झाली. फोन केल्यावर कळले की घोडबंदर रस्त्यावरील एका दुकानात तिला दुपारी साडेबाराला हजर व्हावे लागते. पूर्वी आमचे सकाळचे तास साडेअकरापर्यंत आटोपत असत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या आराखड्यात खुला निवडक विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो आणि तो विषय दुसऱ्या शाखेच्या सोयीने आठवड्यातून दोनदा दुपारी दीडला ठेवलेला आहे. "मॅडम, तेवढा एक विषय सकाळी नाही का होणार?" असे तिने विचारले. मी वेळापत्रक समितीच्या प्रमुखांशी बोलले, त्यांनी प्राचार्यांकडे बोट दाखवले आणि प्राचार्यांनी दोन्ही शाखांच्या प्रमुखांनी एकत्र बसावे, असे सांगितले. ते एकत्र बसेपर्यंत सप्टेंबर संपला होता.

म्हणून विचारते. कायद्याच्या कोणत्या आधारावर हा विषय समितीपुढे आणता येईल? समितीचा निर्णय बंधनकारक असतो की ती केवळ शिफारस ठरते? आणि बैठकीला जाताना हाती कोणती माहिती असावी?

उत्तर १ – निवृत्त प्राचार्य, वाशी

मॅडम, आपण विषय योग्य ठिकाणी नेत आहात. पुष्कळ शिक्षक निवडून येतात आणि समितीच्या बैठकीत अंदाजपत्रकावर मान डोलावून परततात, म्हणून आरंभी थोडे कायद्याविषयी लिहितो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार ही समिती अस्तित्वात आली. १९९४ च्या जुन्या कायद्यात तिच्या जागी स्थानिक व्यवस्थापन समिती होती. व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी या समितीचे अध्यक्षपद भूषवतात आणि प्राचार्य सदस्य-सचिव असतात. शिक्षकांमधून तीन सदस्य निवडून येतात व त्यांत किमान एक महिला असावी लागते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, स्थानिक सदस्य आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हेही तिचे घटक आहेत. वर्षातून किमान चार बैठका व्हाव्यात, असे कायदा सांगतो. गळतीविषयी कळवळा असलेली आणि अधिकार हाती असलेली माणसे एकाच टेबलाभोवती बसतात, अशी ही महाविद्यालयातील जवळजवळ एकमेव जागा आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण समितीची कामे एकाच प्रकारची नाहीत. विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या कल्याणकारी उपक्रमांबाबत तिने शिफारस करायची असते. गुणवत्ता हमी कक्षाच्या अहवालांवर चर्चा करून ती शिफारशी करते. वार्षिक अंदाजपत्रक ती तयार करते आणि व्यवस्थापनाच्या मान्यतेसाठी पाठवते. परंतु महाविद्यालयाचा एकंदर अध्यापन कार्यक्रम आणि वार्षिक दिनदर्शिका यांबाबत निर्णय घेणे हे तिच्याच कर्तव्यांत लिहिलेले आहे. म्हणजे वेळापत्रकाची चौकट हा विषय आपण कल्याणकारी उपक्रमाच्या नावाखाली मांडलात तर हाती शिफारस येईल आणि अध्यापन कार्यक्रमाच्या नावाखाली मांडलात तर निर्णय मागता येईल. विषयपत्रिकेवरील शब्द निवडताना हा फरक ध्यानात ठेवावा.

"गळतीवर चर्चा" असा विषय मात्र कृपया देऊ नका. अशा विषयाला सगळे सहानुभूती दाखवतात आणि इतिवृत्तात "सविस्तर चर्चा झाली" एवढीच ओळ उरते. त्याऐवजी, पुढील सत्रापासून प्रथम वर्षाच्या प्रत्येक शाखेची किमान एक तुकडी, खुल्या निवडक विषयासह, सकाळच्या सलग तासांत बसवावी, असा नेमका प्रस्ताव सदस्य-सचिवांना लेखी द्या आणि पोहोच घ्या.

एक गोष्ट आपल्याला कोणी उघडपणे सांगणार नाही, म्हणून लिहितो. गळतीचे खरे आकडे सभागृहात येऊ नयेत, असे अनेक चांगल्या शिक्षकांनाही मनातून वाटत असते आणि त्यांची भीती निराधार नाही. शिक्षकांची पदे कार्यभारावर मोजली जातात, कार्यभार तुकड्यांवर आणि तुकड्या पटसंख्येवर अवलंबून असतात. पट घटल्याचे कागदावर आले की आपल्या विभागाचे पद जाईल, हा विचार ज्याच्या मनात घर करून आहे, तो हजेरीपटावरील रिकाम्या ओळींकडे काणाडोळा करणारच. ही माहिती विद्यार्थी परत आणण्यासाठी वापरली जाईल आणि कोणत्याही विभागाच्या मूल्यांकनासाठी ती वापरली जाणार नाही, अशी ओळ ठरावातच घालून घ्या. त्या ओळीने विरोध निम्मा होतो, हे मी पाहिले आहे.

वेळापत्रकाबद्दल आपण दिलेले उदाहरण ठाणे आणि नवी मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयाला लागू पडते. आमच्याकडे तुर्भ्याच्या बाजार समितीत पहाटे काम करून नऊला वर्गात येणारी मुले होती आणि ऐरोलीच्या कार्यालयांतून रात्रपाळी करून थेट येणारीही होती. नव्या आराखड्यात मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला निवडक विषय, कौशल्याचे आणि भाषेचे अभ्यासक्रम असे सगळे मिळून एका सत्रात २० ते २२ श्रेयांक (क्रेडिट) होतात. हे सगळे विषय वेगवेगळ्या विभागांचे असल्यामुळे प्रत्येक विभाग आपापल्या सोयीची वेळ देतो आणि विद्यार्थ्याचा दिवस सकाळी साडेसातपासून दुपारी तीनपर्यंत तुकड्यातुकड्यांनी अडकतो. मधले दोन तास तो जिन्यात बसून काढतो. आई-वडिलांच्या पगारावर शिकणाऱ्याला हे जमते. स्वतःच्या मिळकतीवर शिकणाऱ्याला महिनाभरात एकाची निवड करावी लागते आणि तो नोकरी निवडतो. त्यात त्याची काही चूक आहे, असे मला कधीच वाटले नाही.

उत्तर २ – कार्यालयीन अधीक्षक, ऐरोली

प्राचार्य सरांनी कायद्याची बाजू स्पष्ट केली आहे. माहिती कोठून मिळवावी, यावर मी लिहितो, कारण ती सगळी आमच्याच टेबलांवर असते आणि कोणी एकत्र मागत नाही.

पहिली अडचण अशी की, जाणारा विद्यार्थी सांगून जात नाही. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज फार थोडे जण देतात. बाकीच्यांचे नाव पटावर तसेच राहते आणि ते गेले आहेत हे महाविद्यालयाला अधिकृतपणे पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरला गेला नाही तेव्हा कळते. त्या वेळी त्यांना बोलावून उपयोग नसतो, कारण विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के उपस्थितीची अट आडवी येते आणि मुलांना वाटते की आता सगळे संपलेच.

तोवर थांबण्याची आवश्यकता नाही. आमच्या कार्यालयात एक साधी नोंद असते, ती रेल्वेच्या सवलत अर्जांची. ठाणे-वाशी-पनवेल मार्गावरून किंवा कल्याणपलीकडून येणारा विद्यार्थी पास संपला की सवलतीचा अर्ज घ्यायला खिडकीवर येतो. मासिक पास असेल तर महिन्याने आणि त्रैमासिक असेल तर तीन महिन्यांनी. जून-जुलैमध्ये मासिक पासासाठी अर्ज नेलेला आणि ऑगस्टमध्ये न फिरकलेला विद्यार्थी कोण, हे त्या नोंदीवरून अर्ध्या तासात काढता येते. हजेरीपटापेक्षा मला ही नोंद अधिक भरवशाची वाटते, कारण वर्गात हजेरी मित्रही लावतो, परंतु पासाचे पैसे भरून प्रवास करायचा की नाही हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. मॅडमच्या महाविद्यालयात चालत किंवा बसने येणारी मुले पुष्कळ असतील तर अर्थातच ही नोंद पुरी पडणार नाही आणि तिच्या जोडीला ग्रंथालयाच्या देवघेवीची नोंद पाहावी लागेल.

दुसरी नोंद महाडीबीटीची, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाची आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमधून त्रुटीसाठी विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो. उत्पन्नाचा दाखला जुना असतो, आधार बँक खात्याशी जोडलेला नसतो किंवा जातीच्या दाखल्यावरील नावात फरक असतो. परत गेलेला अर्ज विद्यार्थी पुन्हा उघडून पाहत नाही, कारण संदेश ज्या क्रमांकावर जातो तो मोबाइल क्रमांक बहुधा सायबर कॅफेवाल्याने भरलेला किंवा बदललेला असतो. मग शुल्क भरा, असा तगादा कार्यालयाकडूनच सुरू होतो आणि मुलगा खिडकीसमोर येणे टाळतो. खिडकी टाळणारा मुलगा पुढे वर्गही टाळू लागतो. आम्ही मागील वर्षापासून परत गेलेल्या अर्जांची यादी दर शनिवारी मार्गदर्शक शिक्षकांना देऊ लागलो आणि अर्ज मार्गी लागेपर्यंत त्या विद्यार्थ्याकडे शुल्काची मागणी करायची नाही, असे प्राचार्यांनी लेखी दिले. एवढ्यासाठी नवा पैसा लागला नाही. लागला तो एका लिपिकाचा शनिवारचा वेळ, आणि त्या बदल्यात त्याचे दुसरे काम कमी करावे लागले, हेही नमूद करतो. समितीवर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो. प्रस्ताव देण्यापूर्वी त्याच्याशी अवश्य बोला, नाहीतर शिक्षकांनी मंजूर केलेले काम कार्यालयावर येऊन पडले, अशी भावना होते आणि ते काम चालत नाही.

वाणिज्य_शिक्षिका, ठाणे पश्चिम

दोघांचेही मनापासून आभार. सवलत अर्जांची नोंद माझ्या ध्यानातही आली नव्हती, ती उद्याच पाहते. आणखी एक शंका आहे. आमच्या प्रथम वर्षाचे निम्म्याहून अधिक तास तासिका तत्त्वावरील सहकारी घेतात आणि मार्गदर्शक शिक्षक म्हणूनही बहुतेक तेच नेमलेले आहेत. समितीच्या निवडणुकीत मत पूर्णवेळ शिक्षकांनाच असते, त्यामुळे त्यांचे म्हणणे बैठकीत येतच नाही. ते कसे आणावे?

उत्तर ३ – तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, कोपरखैरणे

मॅडम, आपण हा प्रश्न विचारलात याचे समाधान वाटले. मी विज्ञान शाखेत दोन महाविद्यालयांत तास घेतो. मला मानधन घेतलेल्या तासाचे मिळते. विद्यार्थ्याच्या घरी केलेल्या फोनचे, त्याच्या वडिलांशी बोलण्याचे किंवा त्याच्यासोबत कार्यालयात उभे राहण्याचे मिळत नाही आणि एक तास संपला की मला दुसऱ्या महाविद्यालयासाठी गाडी पकडावी लागते. तरीही मुले आमच्याकडेच येऊन बोलतात, कारण वयाने आम्ही त्यांना जवळचे असतो. परंतु एप्रिलमध्ये माझी नेमणूक संपते, जूनमध्ये होईल की नाही हे ठाऊक नसते आणि ज्या मुलाची गाडी मी वर्षभर रुळावर ठेवली, त्याची माहिती पुढच्या शिक्षकाला देण्याची कोणतीही व्यवस्था नसते. मार्गदर्शक शिक्षक प्रथम वर्षासाठी तरी पूर्णवेळ असावा, आणि ते शक्य नसेल तर आठवड्यातील एक तास मार्गदर्शनाचा म्हणून मानधनात धरावा, असा प्रस्ताव अंदाजपत्रकासोबत जायला हवा. नव्या खर्चाचे प्रस्ताव तयार करणे हे या समितीचेच काम आहे.

एका बाबतीत मात्र मी सावध करू इच्छितो. गळती कमी करा, असा आदेश वरून आला की खाली त्याचा अर्थ "कोणाला नापास करू नका" असा लावला जातो. अंतर्गत गुण सढळ हाताने वाटले जातात, हजेरी मागाहून भरली जाते आणि पटावरचा आकडा टिकतो. असा टिकवलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला एटीकेटीचे, म्हणजे मागील वर्षांच्या राहिलेल्या विषयांचे, ओझे घेऊन अडकतो आणि त्या वयात त्याच्या हाती पदवीही नसते आणि अनुभवही नसतो. त्यापेक्षा पहिल्या सत्रात गणित आणि इंग्रजी कच्चे असणाऱ्यांसाठी वेगळे तास घेणे कष्टाचे असले तरी प्रामाणिक आहे. मराठी माध्यमातून शहापूर-मुरबाडकडून आलेल्या मुलांना पहिले दोन महिने वर्गात काय चालले आहे हेच उमगत नाही, आणि ती शांत असतात म्हणून आपल्याला ते कळत नाही.

उत्तर ४ – शिक्षण_अभ्यासक, बेलापूर

बाहेरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत एक योजना सुरू केली. तिच्यात कमी विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला सल्लागार, सलग बसवलेले तास, शुल्कातील उरलेल्या तफावतीची भरपाई, पाठ्यपुस्तकांसाठी मदत आणि शहराच्या मेट्रो-बसचा मासिक पास एवढे सगळे एकत्र दिले जाते. विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून तिचा अभ्यास झाला, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण योजनेतील गटात ४० टक्के आणि इतर गटात २२ टक्के आढळले. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, परंतु एका पदवीधरामागे येणारा खर्च घटला.

तो खर्च आपल्या महाविद्यालयांना पेलणारा नाही, हे उघड आहे. परंतु सलग तास आणि प्रवासाचा पास या दोन गोष्टी तेथेही गळतीवरचा उपाय मानल्या गेल्या, हे आपल्या व्यवस्थापनाला सांगता येईल. त्या योजनेत पूर्णवेळ शिकण्याची अट आहे आणि आपल्याकडची कमावती मुले ती पाळू शकणार नाहीत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे लावू नयेत. आपल्याकडे त्याला जवळचा पर्याय "कमवा व शिका" योजनेचा आहे. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत दिवसातून दोन-तीन तासांचे काम महाविद्यालयातच मिळाले, तर घोडबंदरच्या दुकानापर्यंत जाण्याची गरज काही जणांना तरी उरणार नाही. दुकान जेवढे देते तेवढे महाविद्यालय देऊ शकणार नाही. काहींना फरक प्रवासाच्या वेळेत भरून निघतो, काहींना नाही.

निवृत्त प्राचार्य, वाशी

तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांचे म्हणणे बैठकीत आणण्याचा मार्ग कायद्यातच आहे. गुणवत्ता हमी कक्षाने त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घ्यावेत, ते आपल्या अहवालाला जोडावेत, आणि तो अहवाल समितीपुढे यावा. कक्षाचे समन्वयक समितीचे सदस्य असल्यामुळे त्यांना यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींनाही बैठकीपूर्वी भेटा. मुलांची अडचण मुलांच्या तोंडून आली की व्यवस्थापनाचे सदस्य अधिक लक्ष देऊन ऐकतात.

कोपरखैरण्याच्या सरांनी गुणांच्या खैरातीबद्दल दिलेला इशारा रास्त आहे. म्हणून ठरावात उत्तीर्णांचे प्रमाण हे उद्दिष्ट कोठेही लिहू नका. सलग तीन आठवडे अनुपस्थित असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी संपर्क झाला का, अडचण कोणती निघाली आणि तिच्यावर कोणी काय केले, एवढेच मोजावे.

ज्याला खरोखरच थांबावे लागते, त्याच्यासाठीही एक तरतूद करून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, मात्र त्यासाठी वर्षाच्या श्रेयांकांखेरीज चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव पूर्ण करावा लागतो, आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुरी करता येते. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावाच्या ऑनलाइन श्रेयांक-खात्यात, कमाल सात वर्षे जमा राहतात. वर्ष पुरे न करता गेलेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळत नाही, परंतु उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक त्याच्या खात्यावर असतील तर परतीची वाट खुली राहते. हे खाते उघडले आहे का आणि श्रेयांक त्यावर चढले आहेत का, हे पाहणे कार्यालयाचे काम आहे, आणि ते विद्यार्थ्याला समजावून सांगणे शिक्षकाचे.

ठरावाचा मसुदा साधारण असा करा: "प्रथम वर्षाच्या प्रत्येक शाखेची किमान एक तुकडी, खुल्या निवडक विषयासह, दुसऱ्या सत्रापासून सकाळच्या सलग तासांत चालवण्याचा निर्णय समिती घेत आहे. सलग तीन आठवडे अनुपस्थित विद्यार्थ्यांची यादी कार्यालयाने दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मार्गदर्शक शिक्षकांना द्यावी. ही माहिती विभागांच्या किंवा शिक्षकांच्या मूल्यांकनासाठी वापरली जाणार नाही. झालेल्या कार्यवाहीचा अहवाल सदस्य-सचिव समितीच्या पुढील बैठकीत सादर करतील." सूचक म्हणून आपले नाव आणि अनुमोदक म्हणून शक्यतो शिक्षकेतर प्रतिनिधीचे नाव असावे. शेवटचे वाक्य कोणी गाळू पाहील, ते गाळू देऊ नका, कारण त्या वाक्याखेरीज पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय आपोआप येणार नाही.